केटल ग्रिलवर बिअर कॅन चिकन: कॅनआधी आग सांभाळा

बिअर कॅन चिकन म्हणजे अर्धा भरलेला बिअरचा कॅन पोटात घालून, त्यावर उभी बसवून ग्रिलवर शिजवलेली अख्खी कोंबडी. ते फसलं की लोक मसाला बदलतात, नाहीतर बिअर बदलतात. पुढच्या वेळी पुन्हा तेच होतं, कारण बिघाड दोन्हीकडे नसतो. कोळसा कोंबडीच्या थेट खाली पेटलेला असतो, कातडी ओली असते, कोंबडी कॅनवर डुगडुगत असते किंवा मांडीचं तापमान न बघताच ती उतरवलेली असते. या चारांपैकी एकाचाही कॅनमधल्या द्रवाशी संबंध नाही.

बिअरचा विषय इथेच मिटवून टाकू. कॅन कोंबडीच्या पोटात असतो आणि त्याच्या भोवती सगळीकडून गार मांस असतं. हे मांस ७५-८० अंशांना पोचलं की कोंबडी तयार होते, त्यामुळे आतल्या बिअरला उकळी फुटायला वावच मिळत नाही. पटत नसेल तर कॅनचं वजन आधी आणि नंतर करून पाहा. घट जेमतेम दिसते. कधी आत गळलेल्या रसामुळे आणि चरबीमुळे वजन उलट वाढलेलं असतं. तेव्हा भारीतली बिअर ग्लासात ओता. कॅनने कोंबडी उभी धरली की त्याचं काम झालं. उभ्या कोंबडीला चारही बाजूंनी गरम हवा लागते, चरबी खाली वाहून जाते आणि कातडी पाठीकडेही छातीइतकीच खमंग होते.

खालची मापं ५७ सेंटिमीटर व्यासाच्या केटल ग्रिलसाठी (घुमटासारखं झाकण असलेली कोळशाची गोल शेगडी) आणि साफ केल्यावर १.५ ते १.८ किलो भरणाऱ्या कोंबडीसाठी आहेत. तापमान सगळीकडे अंश सेल्सिअसमध्ये आहे.

हाताशी काय हवं

- कातडीसकट अख्खी कोंबडी. कातडी काढलेली कोंबडी या पद्धतीला चालत नाही. बाहेरचं मांस चामड्यासारखं वातड होतं.
- ३३० किंवा ३५५ मिलिलिटरचा नेहमीचा रुंद कॅन, किंवा स्टीलचा चिकन स्टँड
- कोळशाच्या ब्रिकेट (दाबून बनवलेल्या कोळशाच्या वड्या) साधारण ५०, आणि राखीव २०
- चिमणी स्टार्टर (कोळसा पेटवायचं धातूचं उभं नळकांडं; पुढे नुसतं ‘चिमणी’)
- ठिबकणारी चरबी झेलायला अ‍ॅल्युमिनियमचा ड्रिप पॅन
- सुईसारख्या टोकाचा डिजिटल थर्मामीटर
- लांब चिमटा, उष्णता सोसणारे हातमोजे, कड असलेला ट्रे

यातला थर्मामीटर सोडून बाकी कशालाही पर्याय निघतो. थर्मामीटर नसेल तर आधी तो घ्या, चिकन नंतर करा.

टप्पा १: आदल्या दिवशी मीठ लावा

पोटात गिबलेटचा (काळीज, पेटा वगैरेंचा) पुडा असला तर काढा. शेपटीजवळचे चरबीचे लोंबते गोळे कापून टाका. ते तसेच राहिले तर कॅन आत जाताना अडतो आणि नंतर तीच चरबी निखाऱ्यांकडे ठिबकते. कोंबडी नळाखाली धुऊ नका. धुतल्याने जंतू जात नाहीत, शिंतोड्यांबरोबर सिंक आणि ओट्यावर पसरतात. कागदी नॅपकिनने आतून-बाहेरून दाबून टिपा. पहिले दोन नॅपकिन भिजले म्हणून थांबू नका; नॅपकिन कोरडा निघेपर्यंत टिपायचं.

मीठ किलोला १० ते १२ ग्रॅम घ्या. १.६ किलोच्या कोंबडीला बारीक मिठाचे सपाट तीन चहाचे चमचे पुरतात. कातडी कुरकुरीत हवी असेल तर या मिठात दीड चमचा बेकिंग पावडर मिसळा. इथे नेमकी गल्लत होते: बेकिंग पावडर आणि खाण्याचा सोडा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सोडा घातला तर कातडीला साबणासारखी चव येते आणि ती कशानेही जात नाही.

थोडं मीठ पोटात, जास्त छाती आणि मांड्यांवर, उरलेलं पाठीवर. छातीवरची कातडी बोटांनी अलगद सैल करून थोडं मीठ तिच्याखाली सरकवलंत तर उत्तम. कोंबडी ट्रेवर ठेवून फ्रीजमध्ये सगळ्यात खालच्या कप्प्यात उघडीच ठेवा. १२ ते २४ तास. आधी मिठाने पाणी सुटेल, मग ते आत मुरेल आणि फ्रीजच्या कोरड्या हवेत कातडी सुकेल. वर प्लॅस्टिक गुंडाळलं तर शेवटची पायरी होतच नाही.

तपासणी: ग्रिल पेटवण्याआधी कातडीवरून बोट फिरवा. ती कोरडी आणि किंचित ताणलेली लागली पाहिजे. बोटाला ओल लागली तर पुन्हा टिपा.

टप्पा २: मसाला

यात फार रमू नका. दोन चमचे पेपरिका, एक चमचा मिरपूड, एक चमचा लसूण पावडर, अर्धा चमचा थाइम एवढं पुरे. मीठ घालायचं नाही, ते काल लागलंय. साखर घालायचीच असेल तर अर्ध्या चमच्यापुरती. तासाभराच्या आचेत साखर काळी पडते आणि कडवटपणा कातडीला चिकटून राहतो. कोंबडीला एक चमचा तेल चोळून वर मसाला लावा. दह्यासारखं ओलं मॅरिनेशन इथे टाळा, आदल्या दिवशी सुकवलेली कातडी पुन्हा भिजते.

टप्पा ३: कॅन तयार करा

बंद कॅन आचेवर कधीही ठेवायचा नाही. आत दाब वाढून तो फुटतो. कॅन उघडा, अर्धी बिअर काढून घ्या आणि झाकणाला कॅन ओपनरने आणखी दोन भोकं पाडा. अर्धा का? रिकामा कॅन हलका असतो, कोंबडी कलंडते. काठोकाठ भरलेला कॅन जड असतो खरा, पण तेवढा गार द्रव पोटात बसून मांडीचं शिजणं लांबवतो आणि उतरवताना सांडतो. बिअर नको असेल तर दुसऱ्या शीतपेयाचा त्याच मापाचा कॅन घ्या आणि त्यात तेवढंच पाणी भरा.

कॅन घेताना आकार बघा. ५०० मिलिलिटरचा कॅन उंच असतो, कोंबडी झाकणाला टेकते. सडपातळ कॅन दिसायला छान, पण त्याचा तळ लहान म्हणून तोल जातो.

कॅनवर बाहेरून छपाईची शाई असते आणि आतून प्लॅस्टिकचा पातळ थर. दोन्ही गोष्टी स्वयंपाकाच्या आचेसाठी बनवलेल्या नाहीत. हे खटकत असेल, आणि खटकायला हरकत नाही, तर स्टीलचा उभा स्टँड वापरा. त्याचा तळ रुंद असतो म्हणून तोलाची चिंताही मिटते. त्यातला कप रिकामा ठेवला तर गरम हवा पोटातही पोचते आणि कोंबडी आतूनही शिजायला लागते. स्टँड मिळत असताना कॅनचा हट्ट धरण्याचं कारण फक्त गंमत.

टप्पा ४: थंड ग्रिलवर रंगीत तालीम

ही पायरी जवळजवळ सगळे गाळतात. आग पेटवण्याआधी कोंबडी कॅनवर बसवा, ट्रेसकट थंड जाळीच्या मधोमध ठेवा आणि झाकण लावून बघा. झाकण पूर्ण बसलं आणि कोंबडीच्या मानेपासून झाकणापर्यंत दोन-तीन बोटं जागा राहिली तर ठीक. मान झाकणाला टेकत असेल तर तिथली कातडी जळणार. झाकण अर्धवट उघडं राहत असेल तर तापमान हाताबाहेर जाणार. निखारे लाल झाल्यावर हे कळून उपयोग नसतो. तेव्हा हातात गरम झाकण असतं आणि कोंबडी ठेवायला जागा नसते.

तालीम झाली की कोंबडी कॅनवरून काढून ट्रेसकट परत फ्रीजमध्ये ठेवा. जिथे कच्ची कोंबडी टेकली असेल ती जाळी आणि तुमचे हात साबणाने धुवा.

टप्पा ५: आग, दोन बाजूंना

ग्रिल उघड्यावर, भिंत आणि पडद्यापासून लांब, सपाट जमिनीवर हवं. बंद गॅलरीत किंवा गॅरेजमध्ये कोळसा पेटवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

आधी तळातली जुनी राख काढा. राखेने खालची झडप (हवा आत घेणारी) अर्धी बुजलेली असेल तर पुढचं सगळं गणित चुकतं. खालची झडप पूर्ण उघडा. चिमणीत ५० ब्रिकेट भरा, खाली पेटता कागद किंवा फायर स्टार्टर ठेवा. १५ ते २० मिनिटांत वरच्या ब्रिकेटच्या कडांवर राखाडी राख धरते. ती दिसेपर्यंत ओतू नका, आणि दिसल्यावर गप्पा मारत बसू नका. चिमणीतच निखारे संपायला लागतात. पेटवायचं रसायन वापरणं टाळा. झाकणाखाली त्याचा वास कातडीत बसतो. पेटत्या निखाऱ्यांवर तर ते कधीच ओतायचं नाही.

निखारे दोन सारखे भाग करून तळाच्या जाळीच्या दोन समोरासमोरच्या कडांना रचा, २५-२५. मधल्या मोकळ्या जागेत ड्रिप पॅन ठेवा. त्यात बोटाच्या एका पेराएवढं पाणी ओता, म्हणजे पडलेली चरबी जळून धूर होणार नाही. त्याहून जास्त पाणी नको, वाफेने कातडी मऊ पडते.

निखारे मधोमध पसरून वर कॅन ठेवणं ही या पदार्थातली सगळ्यात महागात पडणारी चूक. चरबी सरळ आगीवर पडते, ज्वाळा उठतात, तंगड्यांचं खालचं टोक वीस मिनिटांत काळं होतं आणि छाती मात्र कच्चीच असते.

वरची जाळी बसवताना तिच्या उचलता येणाऱ्या कडा निखाऱ्यांच्या वर येतील अशी फिरवा. पुढे कोळसा घालावा लागला तर कोंबडी न हलवता घालता येतो. झाकण लावा, त्यावरची झडप पूर्ण उघडी ठेवा आणि दहा मिनिटं ग्रिल तापू द्या.

तपासणी: झाकणाखाली १८० ते २०० अंश. झाकणावरचा काटा घुमटाजवळचं तापमान दाखवतो, कोंबडीच्या उंचीवरचं त्याहून वेगळं असू शकतं. थर्मामीटरला दुसरा प्रोब (तापमान मोजणारी सुई) असेल तर जाळीवर, कोंबडीपासून चार बोटांवर ठेवा आणि त्याचंच ऐका.

टप्पा ६: कोंबडी कॅनवर, कॅन जाळीवर

चिमणी पेटत असतानाच हे काम उरका. कॅन ट्रेवर ठेवा. कोंबडीचे पंख धरून, पोटाचं मोठं तोंड खाली करून ती कॅनवर हळूहळू उतरवा. जोर लावावा लागला तर किंचित गोल फिरवत दाबा. दोन्ही तंगड्या पुढे ओढा, म्हणजे कॅनचा तळ आणि दोन तंगड्या मिळून तिपाई तयार होते. कॅनचा तळ आणि तंगड्यांची टोकं एकाच पातळीत यायला हवीत. तंगड्या हवेत लोंबत असतील तर कोंबडी अजून खाली सरकवा. पंखांची टोकं पाठीमागे अडकवा. मोकळी राहिली तर ती आधी जळतात.

तपासणी: ट्रे हलकेच हलवा. कोंबडी डुलली तर कारण शोधा, बहुतेक वेळा एक तंगडी आखूड पडलेली असते. जाळीवर गेल्यावर ती आपोआप स्थिर होत नाही.

लाकडाचा धूर हवा असेल तर सफरचंद किंवा चेरीच्या लाकडाचा मुठीएवढा एक तुकडा निखाऱ्यांवर ठेवा. भिजवायची गरज नाही. सुरुवातीला निघणारा दाट पांढरा धूर ओसरून तो पातळ, निळसर होईपर्यंत थांबा, मग कोंबडी ठेवा. दाट धुरात ठेवलेली कोंबडी कडू लागते.

आता कोंबडी ड्रिप पॅनच्या बरोबर वर, जाळीच्या मधोमध ठेवा. तोंड कुठे करायचं हेही महत्त्वाचं: दोन्ही मांड्या निखाऱ्यांच्या बाजूंना, छाती आणि पाठ मोकळ्या बाजूंना. मांडीला छातीपेक्षा जास्त तापमान लागतं, तेव्हा आच तिच्याकडे जाऊ द्या. झाकण लावा.

टप्पा ७: मधला तास

झाकण बंद ठेवा. उघडलं की साठलेली गरम हवा जाते, वर निखाऱ्यांना भरपूर ऑक्सिजन मिळून ते भडकतात. म्हणजे आधी तापमान पडतं आणि मग जास्त चढतं. दर दहा मिनिटांनी डोकावणाऱ्याची कोंबडी बाहेरून करपते आणि उशिरा शिजते, दोन्ही एकदम.

तापमान २०० च्या वर चढत असेल तर खालची झडप एक तृतीयांश बंद करा आणि दहा मिनिटं वाट बघा. कोळशाला बदल कळायला तेवढा वेळ लागतो. लगेच पुन्हा झडप फिरवली तर तुम्ही तापमानाच्या मागे पळत राहाल. झाकणावरची झडप निदान अर्धी उघडी हवी, नाहीतर धूर आत कोंडून कातडीवर काजळी धरते.

तापमान १७० च्या खाली घसरलं तर आधी खालच्या झडपेचा दांडा दोनदा-तीनदा पुढे-मागे करून राख पाडा. पुष्कळदा तेवढंच पुरतं. ग्रिल पेटून तास होत आला तरी काटा वर सरकत नसेल तर प्रत्येक बाजूला ७-८ ब्रिकेट घाला, शक्यतो चिमणीत आधी पेटवलेल्या. लाकडी कोळसा वापरत असाल तर ही वेळ अर्ध्या तासातच येते. तो जास्त आच देतो आणि लवकर संपतो.

चाळीस मिनिटांनी एकदाच उघडून रंग बघा. एक बाजू जास्त गडद झाली असेल तर कॅन चिमट्याने तळाशी धरून अर्धा फेरा द्या. कातडीवर तेल किंवा सॉस लावायचा असेल तर शेवटच्या दहा मिनिटांत, त्याआधी नाही.

टप्पा ८: शिजलं की नाही

१.६ किलोच्या कोंबडीला १८५ अंशांच्या आसपास ७५ ते ९० मिनिटं लागतात. वारा आणि हवेतला गारवा यामुळे यात फरक पडतो, म्हणून घड्याळ फक्त मोजायला कधी सुरुवात करायची ते सांगतं. पहिलं मोजमाप साठाव्या मिनिटाला.

दोन ठिकाणी मोजा. छातीत वरून, सगळ्यात जाड भागात: ७४ अंश. मांडीत आतल्या बाजूने, जिथे मांडी अंगाला चिकटते: ८० ते ८२. टोक हाडाला लागलं तर आकडा खोटा येतो. थोडं मागे ओढून पुन्हा बघा. ७४ अंशांना मांडी खायला सुरक्षित असते, पण सांध्याजवळ चिवट राहते. पुढचे सहा-आठ अंश तिला मऊ करतात. कॅन वापरला असेल तर मांडीचा पोटाकडचा भाग सगळ्यात मागे राहतो, म्हणून दोन्ही मांड्या तपासा.

रसाच्या रंगावर जाऊ नका. कोवळ्या कोंबडीत पूर्ण शिजल्यावरही हाडालगत लालसरपणा दिसतो आणि धुरामुळे कातडीखालचं मांस गुलाबी राहू शकतं. उलट, रस स्वच्छ दिसला म्हणून मांडी शिजली असंही नाही.

छाती ७४ ला आली आणि मांडी अजून ७२ ला असेल तर? मांड्या निखाऱ्यांकडेच आहेत ना ते बघा, झाकण लावा, दहा मिनिटांनी पुन्हा मोजा. छाती ७८-७९ पर्यंत गेली तरी आदल्या दिवशीचं मीठ तिला कोरडी पडू देत नाही.

टप्पा ९: उतरवताना

भाजण्याचे प्रकार इथेच घडतात. कॅनमध्ये दीडशेहून जास्त मिलिलिटर गरम द्रव आणि वर चरबी आहे. ट्रे ग्रिलच्या अगदी शेजारी ठेवा. एका हाताने चिमट्यात कॅनचा तळ धरा, दुसऱ्या हातमोजा घातलेल्या हाताने कोंबडीचा वरचा भाग सावरा आणि सरळ उभी उचलून ट्रेवर ठेवा. फक्त कोंबडी धरून उचललं तर कॅन निसटून पायावर पडतो. मुलं आणि पाळीव प्राणी या वेळी लांब हवेत.

तशीच उभी दहा ते पंधरा मिनिटं राहू द्या. फॉइलने घट्ट झाकू नका, वाफेने कातडी मऊ पडेल. मग दोघांनी मिळून सोडवा: एकाने चिमट्याने कॅन घट्ट धरायचा, दुसऱ्याने जाड कापडाने कोंबडी धरून किंचित फिरवत वर ओढायची. अडकली तर हिसका देऊ नका, पाच मिनिटं थांबा. कॅनमधली बिअर ओतून द्या. तिच्यात सुरुवातीला कच्च्या मांसाचा रस गळलेला असतो, त्याचा सॉस करायचा नाही.

तरीही बिघडलं तर

कातडी रबरासारखी: कोंबडी ओली होती किंवा ग्रिल १६० च्या आसपास रेंगाळलं. छाती ६८ ला आली असताना हे लक्षात आलं तर खालची झडप पूर्ण उघडून शेवटचा टप्पा २१०-२२० अंशांवर न्या.

बाहेर काळी, आत कच्ची: निखारे खाली किंवा फार जवळ, नाहीतर मसाल्यात साखर. आता वाचवायचं तर कोंबडी ग्रिलमधून काढा, कॅनमधून सोडवा, कणा कापून उघडी करा आणि मधोमध, निखाऱ्यांपासून दूर, झाकणाखाली ठेवा. सपाट झाल्यावर ती लवकर शिजते.

कोंबडी कलंडली: चिमट्याने लगेच उचला, पण पुन्हा कॅनवर बसवण्याची खटपट करू नका. कॅन बाहेर काढून ती ड्रिप पॅनच्या वर आडवीच, छाती वर करून शिजवा. सांडलेल्या द्रवाने निखारे थोडे विझतात, तेव्हा खालची झडप उघडी ठेवा आणि दहा मिनिटं जास्त धरून चाला.

आधी मीठ लावायला वेळच नव्हता: निदान एक तास आधी लावा आणि फ्रीजमध्ये उघडी ठेवा. पंधरा-वीस मिनिटांपूर्वी लावलेलं मीठ सगळ्यात वाईट, कारण तेव्हा पाणी सुटलेलं असतं आणि मुरलेलं नसतं. एक तासही नसेल तर ग्रिलवर ठेवण्याच्या क्षणी लावा.

उरलेलं मांस हाडावरून सोडवून दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवा. ग्रिलच्या दोन्ही झडपा आणि झाकण बंद करा. निखारे विझतील आणि अर्धवट उरलेल्या ब्रिकेट राख झटकून पुढच्या वेळी चिमणीत नव्यांबरोबर घालता येतील. राख मात्र दुसऱ्या दिवशीसुद्धा थंड झाली असं गृहीत धरू नका. ती धातूच्या डब्यात काढा, प्लॅस्टिकच्या पिशवीत नको.